घरच्याघरी काका

आमच्या गल्लीत कुणाची कुठलीही वस्तू बंद पडली, की दुकानात जायच्या आधी तिला एक नाका ओलांडावा लागतो. हा नाका समोरच्या घरात राहतो, पहाटे सहाला उठतो, बर्म्युडावर कंपनीचा जुना निळा शर्ट चढवतो आणि फाटकात उभा राहून विचारतो, "कुठं घेऊन चाललास रे तो मिक्सर? आण इकडं. घरच्याघरी होतंय."

म्हणून घरच्याघरी काका. तोंडावर नुसतं काका. सिडकोचा एन-सात घ्या, एन-नऊ घ्या नाहीतर हडको, अशी एक मूर्ती गल्लीगणिक असतेच. संभाजीनगरात ही जात एवढी फोफावली याला कारण आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याला माल पुरवणारी लहानमोठी वर्कशॉपं त्याच्या अवतीभवती उगवली. गंगापूर, पैठण, खुलताबादकडची आयटीआय झालेली पोरं डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढली, ती केस पांढरे झाल्यावरच उतरली. त्यांची पोरं मात्र शिकून हिंजवडीला गेली आणि लॅपटॉप बिघडला तरी तो कुरिअरने पाठवू लागली. मागे उरले ते बापाचे हात. सूतभर फरक बोटाने ओळखणारे, आणि आता टीव्हीचा रिमोट धरून बसायची शिक्षा झालेले.

काका टूलरूमचे फिटर. नोकरी सुटली, पण फाइव्ह-एस आणि काइझेनची शिस्त काही अंगातून गेली नाही. पोर्चच्या भिंतीवर त्यांनी प्लायचा बोर्ड ठोकलाय आणि त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा पिवळ्या रंगाने काढलीय. पाना उचलला की मागे त्याची पिवळी आकृती उरते, म्हणजे काय गेलं ते लगेच कळतं. (कोण घेऊन गेलं ते काकूंना विचारावं लागतं.) या बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात एक लांबट, मधे किंचित फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती आकृती आहे. नवखा माणूस हमखास विचारतो, की हे कुठलं टूल? ते लाटणं आहे. ते तिथे कसं आलं, हे सांगायचं तर गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

मुलाने पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी सेडान बाबांना दिली. तोवर काकांचं आयुष्य केबलच्या क्लचवर गेलेलं. आधी चेतक, मग मारुती ८००. केबलचं काम कसं डोळ्यांसमोरचं. ढिली झाली, नट फिरवला. तुटली, नवी ओवली. या सेडानचा क्लच हायड्रॉलिक निघाला. एके दिवशी जालना रोडवर आकाशवाणीच्या सिग्नलला काकांनी क्लच दाबला आणि पेडल खाली गेलं ते खालीच राहिलं. गिअर पडेना. मागून हॉर्न. काकांनी वाकून हाताने पेडल वर ओढलं, तीनचार वेळा घाईघाईने मारलं, तेव्हा कुठे पहिला गिअर करकरत बसला. दुसरा माणूस घाबरला असता. काका घरी आले ते जावई पसंत पडल्यासारखा चेहरा घेऊन.

"हवा धरलीय," त्यांनी फाटकातूनच जाहीर केलं.

संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना पोर्चमध्ये उभं करून थिअरी सांगितली. ती चांगली सांगितली, हे कबूल केलं पाहिजे. पेडलमागे एक मास्टर सिलिंडर असतो. तिथून बारीक पाइप गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातो आणि मधे सगळं तेल भरलेलं. पायाने वरचा दट्ट्या ढकलला की तेल खालचा दट्ट्या ढकलतं, तो फोर्क ढकलतो आणि क्लच सुटतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर खाली जसाच्या तसा पोचतो. हवा दाबली जाते. पाइपात बुडबुडा शिरला की तुमचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्च होतो आणि खाली काही पोचतच नाही.

"आपल्या नळाला कसं होतं?" काका म्हणाले. "आठ दिवसांनी पाणी सोडतात. आधी काय येतं?"

"हवा," सगळी गल्ली एका सुरात. जायकवाडीसारखं धरण जिल्ह्यातच असून या शहराला पाण्याची वाट बघावी लागते; नळातली हवा इथे बालवाडीतल्या पोरालाही ओळखू येते. पास्कलचा नियम एवढ्या झटपट दुसऱ्या कुठल्या शहराला कळला असेल असं मला वाटत नाही.

पास्कलचं नाव निघालं म्हणून कुणीतरी कौतुक केलं, तर काका उसळलेच. "पास्कलचं काय सांगायलास! मलिक अंबरानं डोंगरातलं पाणी नहरीनं या शहरात आणलं. अंबर वारला १६२६ ला. तेव्हा तुमचा पास्कल होता तीन वर्षांचा, दुपट्यात! जाऊन बघ पाणचक्कीला, पाणी भिंतीवर चढून हौदात कसं पडतं ते. त्या नळांत हवा अडकली असती तर चक्की फिरली असती का?"

पास्कलचा जन्म १६२३ चा, हे मी नंतर पडताळून पाहिलं. काका चुकीचं बोलत नाहीत. त्यांचा घोळ सगळा पुढे, हात घातल्यावर सुरू होतो.

मी आपलं सुचवलं, की गाडी सरळ गॅरेजला न्यावी. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "२०१० च्या ऑक्टोबरात या शहरात एका दमात दीडशे मर्सिडीज आल्या. सगळ्या देशाच्या पेपरात आलं. काय झालं? दीडशे माणसं गाडीत बसली. गाडीखाली एक तरी गेला का?"

गाडीखाली जायची तयारी आठवडाभर चालली. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून दहाचा रिंग पाना आला. दहाचा फिक्स पाना बोर्डावर होताच. पण स्लेव्ह सिलिंडरवरच्या, हवा काढायच्या निपलला फिक्स पाना लावला तर तो घसरतो, कोपरे गोल होतात आणि मग निपल जन्मात निघत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक. बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला भोक पडलं. निपल दिसावं म्हणून काकूंच्या पावडरच्या डबीतला आरसा आला. गाडीखाली अंथरायला एक जुना फ्लेक्स आला, कुठल्याशा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. राहिली पारदर्शक नळी. ती आणायला काका घाटी हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलवर गेले आणि सलाइनचा सेट मागितला.

दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारलं, "पेशंट लहान आहे का मोठा?"

"बाराशे किलो."

दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. काकांनी जास्तीची माहिती पुरवली, "गॅस धरलाय." आणि जाता जाता मोठ्यात मोठी सिरिंजही घेतली, सुई नको म्हणाले.

रविवारी सकाळी गाडी जॅकवर चढली. इथे काकांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नुसत्या जॅकवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. चाकांना दगडाच्या उटी लावल्या, जॅकशेजारी लाकडाचे जाड ओंडके रचले, स्टेपनी आडवी करून बाजूला सरकवली, गाडी हलवून बघितली आणि मगच ते फ्लेक्सवर आडवे झाले. बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा आदल्या दिवशीच निघाला होता. सलाइनची नळी निपलवर चढेना, तेव्हा तिचं टोक त्यांनी काकूंच्या चहाच्या पातेल्यात बुडवलं. प्लास्टिक मऊ झालं आणि सुर्रकन बसलं. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. एवढं सगळं मी उभा राहून बघितलं आणि मनात म्हटलं, आता होणार.

मग पेडलवर माणूस बसवायची वेळ आली.

हे काम दोन माणसांचं आहे, आणि त्यात खरी अडचण दुसऱ्या माणसाची असते. नियम सोपा. काकांनी 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'धर' म्हटलं की तळाला धरून ठेवायचं. काका खाली निपल उघडतात, तेल आणि हवा नळीत येते, काका निपल बंद करतात, मग 'सोड' म्हटलं की सोडायचं. पेडल आपणहून वर येत नाही, म्हणून त्याला जुन्या परकराची नाडी बांधलेली, ती ओढायची. निपल उघडं असताना पाय उचलला तर सगळं मुसळ केरात, कारण नळीचं टोक तेलात असलं तरी निपलच्या आट्यांमधून हवा पुन्हा आत खेचली जाते.

पहिला मान जोशांच्या पोराला मिळाला. तो घरून काम करणारा. रविवार असूनही कुठल्या तरी अमेरिकेतल्या मीटिंगमध्ये होता, एका कानात इअरफोन. खालून काका ओरडले, "धर!" हा मीटिंगमध्ये म्हणाला, "या या, होल्डिंग." काकांना बरं वाटलं. पुढे काकांनी "सोड" म्हटलं आणि त्याने घाबरून मीटिंग सोडली, पेडल मात्र धरूनच बसला. त्याला बदलून मला बसवलं. माझं बरं चाललं होतं. तेवढ्यात घंटागाडी आली. तिच्या गाण्याचा आवाज किती असतो हे शहरवासीयांना सांगायला नको. खालून काका म्हणाले, "सोडू नको." त्यातलं 'नको' घंटागाडीने नेलं.

त्यानंतर काकांनी भिंतीवर खडूने एसओपी लिहिली. शब्द रद्द. गाडीच्या तळाला पान्याने एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे धर, तीन म्हणजे सोड. काकू पेडलवर बसल्या. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. ठोक्यांवर चालणं त्यांच्या स्वभावातच नाही. "अहो, मला नीट बोलून सांगा, दार वाजवल्यासारखं काय करताय," म्हणून त्या उठल्या आणि कणीक भिजवायला निघून गेल्या.

त्या पोळ्या लाटायला बसल्या तेव्हा लाटणं जागेवर नव्हतं. पेडल आणि ड्रायव्हरची सीट यांच्या मधे ते आडवं ठोकलेलं होतं. पेडल तळाला धरून ठेवायला एवढा गुणी मदतनीस काकांना दिवसभरात मिळाला नव्हता. बोलत नाही, मीटिंगला जात नाही, विचारल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी त्या घरात भाकरी झाली. काकूंनी दुसरं लाटणं घेतलं, जुन्याला बोर्डावर जागा मिळाली.

लाटण्याने काम झालं, पण काकांच्या मते सावकाश. बुडबुड्याचा स्वभाव वर जायचा आणि आपण त्याला खाली ढकलतोय, हे शास्त्राला धरून नाही. उलटं करायचं. सिरिंजमध्ये नवं तेल भरायचं, खालच्या निपलमधून आत ढकलायचं. हवा वरवर जात वरच्या तेलाच्या डब्यातून बाहेर पडेल. विचार शंभर टक्के बरोबर. जाणते मेकॅनिकही असं करतात. फक्त वर डब्यातलं तेल आधी थोडं काढून ठेवायचं असतं आणि डब्याकडे कुणीतरी बघत राहायचं असतं. काका खाली होते. लाटणं बघू शकत नव्हतं.

डबा भरला, भरून वाहिला, आणि तेल पुढच्या मडगार्डवर उतरलं. ब्रेक ऑइल आणि क्लच ऑइल एकच, आणि ते रंग खातं. त्यावर उपाय एकच, ताबडतोब भरपूर पाणी. काका खालून बाहेर यायच्या आत ओरडले, "पाणी! पाणी आणा!"

काकू दारात आल्या आणि त्यांनी या शहरात कोणत्याही घरात विचारला जातो तो प्रश्न शांतपणे विचारला, "कोणतं? प्यायचं का वापरायचं?"

"कोणतंही!"

"कोणतंही कसं? नळ बुधवारी आहे. पिंपातलं अर्धं झालंय. भांड्यांचं देऊ का?"

भांड्यांचं पाणी येईपर्यंत मडगार्डवर तळहाताएवढा रंग सुरकुतला होता. काका उठले तेव्हा फ्लेक्सवरच्या भावी नगरसेवकाची एका बाजूची मिशीही तेलाने पुसली गेली होती. तो फ्लेक्स अजून आहे. मत कुणाला द्यायचं ते आता ओळखू येत नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा उस्ताद चहाला आला. काका त्याला सल्ल्यासाठी बोलावत नाहीत, चहालाच बोलावतात. तो मात्र दर वेळी सल्ला देऊन जातो. त्याने सलाइन, बाटली, नाडी, आरसा, लाटणं असं सगळं प्रदर्शन बघितलं.

"क्या काका, इत्तीसी बात कू इत्ता सामान? निपल खोल के छोड़ देने का. तेल ऊपर से डालते रैने का. हम चाय पीते बैठते, हवा खुद निकल के जाती."

हीसुद्धा खरी पद्धत आहे. डबा वर, निपल खाली, तेल आपल्या वजनाने उतरतं आणि हवेला बरोबर घेऊन जातं. बऱ्याच गाड्यांत एवढ्यावर भागतं. काका क्षणभर गप्प झाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला थिअरी माहीत नाही."

उस्तादाने जाताना आणखी एक वाक्य टाकलं, आणि माझ्या मते त्या दिवसातलं शहाणं वाक्य तेच. "काका, हवा तो निकली. पर आई किधर से?" बंद पाइपात हवा आपणहून पैदा होत नाही. कुठेतरी सील गेलंय, तिथून तेल पाझरतंय आणि हवा शिरतेय. त्याने स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीखाली बोट फिरवून दाखवलं, बोट ओलं. हवा काढली तर चार दिवस बरं, पुन्हा तेच. सिलिंडर बदलायचा, विषय संपला.

काकांना हे माहीत नव्हतं? मला तरी तसं वाटत नाही. ज्याच्या बोटांना सुताचा फरक कळतो, त्याला ओलावा कळला नसेल? त्यांची काटकसर म्हणावी, तर तेही जमत नाही. हाच माणूस सलाइनची नळी धुऊन परत वापरतो, खिळे सरळ करून डब्यात ठेवतो. पण फोडलेल्या बाटलीतलं उरलेलं क्लच ऑइल कधीच ठेवत नाही. ते हवेतलं पाणी पितं, त्यांनी मला समजावलं होतं. डॉट फोर कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालं की हीच मर्यादा १५५ वर येते. आणि या गाडीत क्लच आणि ब्रेक यांचा डबा एकच. क्लचची नळी डब्यात जरा वर असते, म्हणजे क्लचचं तेल गळून गेलं तरी तळाशी ब्रेकपुरतं उरतं. "क्लचनं दगा दिला तर गाडी थांबते," काका म्हणाले, "ब्रेकनं दिला तर थांबत नाही." त्या दिवशी त्यांनी प्रत्येक चाकाजवळ जाऊन ब्रेक तपासले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. बाटलीवर लाल रंगाने 'विष' लिहिलं, कारण ते दिसतं गोडेतेलासारखं आणि घरात नातवंडं येतात.

तेव्हा हा माणूस कामचुकार नाही, अडाणीही नाही. त्याला स्लेव्ह सिलिंडर नको आहे, एवढंच. सिलिंडर जालना रोडवर कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात मिळतो. तो बसवला की क्लच चालू लागेल, वर्षानुवर्षं चालेल. मग रविवारी सकाळी सातला निळा शर्ट कशासाठी चढवायचा? गल्लीला कशासाठी बोलवायचं? काकांना पुन्हा एक शिफ्ट मिळालीय, हाताखाली माणसं आहेत, भिंतीवर एसओपी आहे. एका रबरी सीलसाठी हे सगळं घालवायला ते तयार नाहीत. मुलाने पुण्याहून नवा सिलिंडर कुरिअरने पाठवलाय. तो खोक्यासकट बोर्डाखालच्या फळीवर आहे. खोक्याभोवतीही पिवळी रेघ आहे.

मी स्वतः काकांवर हसतो आणि माझी स्कूटर त्यांच्याकडेच नेतो. त्यांच्याकडे गेलेली वस्तू उशिरा येते, वर एखादा स्क्रू उरतो, पण चालते. गेल्या उन्हाळ्यात जोशांच्या पोराची कोरी गाडी पोर्चमध्येच बंद पडली, कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता आणि पोराच्या आजीला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं होतं. तेव्हा मडगार्डवरचा सुरकुतलेला रंग आणि परकराची नाडी घेऊन काकांची सेडान पहिल्या चावीला चालू झाली. रविवारीच हवा काढलेली होती. आजी अर्ध्या तासात दवाखान्यात.

आता एक सूचना. रविवारी सकाळी सात ते बाराच्या दरम्यान आमच्या गल्लीतून जाणार असाल तर मोबाइल कानाला लावून, घाईत असल्यासारखं, सरळ पुढे बघत जा. "काय काका, काय चाललंय?" एवढं चुकूनही विचारू नका. लाटण्याला तडा गेलाय आणि काका पेडलवर माणूस शोधतायत.